भावाचा छोटा ट्रॅक्टर आणि माझा नारळ

यंत्रांचं आणि माझं कधीच जमलेलं नाही. घरातला पंखा मी तेल घालून कायमचा बंद पाडलाय. शिलाई मशीन दुरुस्त करताना त्यातून उडालेली स्प्रिंग आजतागायत सापडलेली नाही. नांदेडच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करतो. तिथं बिघडवण्यासारखं काही नाही म्हणून तुमची नोकरी टिकली, असं बायको म्हणते. तरीही यंदा शिवरात्रीला गावी गेलो तेव्हा भर ओसरीवर, सगळ्यांसमोर मी बोलून बसलो, ‘दादाचा छोटा ट्रॅक्टर मी चालू करून देतो.’

बोलायला कारणही तसंच झालं होतं.

आमचं गाव चाकूरपासून जवळ. शेती थोरला भाऊ बघायचा. पेरूची बाग त्यानं लावली, आणि पेरूच्या ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही म्हणून एक छोटा, तांबडा, जुनाच ट्रॅक्टर कुठूनसा घेऊन आला. गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर एका दुपारी त्याच्या छातीत दुखायला लागलं. लातूरला नेलं, पण तो हाती लागला नाही. ट्रॅक्टर त्यानं जिथं लावला होता तिथंच, गोठ्यामागच्या चिंचेखाली उभा राहिला. आधी त्यावर कापसाच्या पऱ्हाट्या रचल्या गेल्या, मग कोंबड्यांनी आत घर केलं.

त्यानंतर शेती वहिनी करू लागल्या. कष्टाला त्या कधीच मागं नव्हत्या. अडायचं ते नांगरटीला नि पेरणीला, कारण बैल भावानंच विकून टाकले होते. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन केला की तो म्हणायचा, “उद्या सकाळी पाठवतो, वहिनी.” हे ‘उद्या’ गावातली सगळी रानं पेरून झाल्यावर उजाडायचं. गेल्या वर्षी सोयाबीन उशिरा पडलं आणि काढणीला पावसात सापडलं. बागेत तर गवत कमरेला लागत होतं.

म्हणून अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, यंदा ठरवलं की रान बटईनं द्यायचं. दुसऱ्यानं कसायचं आणि पीक वाटून घ्यायचं. घेणारा घरचाच होता, आमचा चुलतभाऊ. त्याच्याकडं स्वतःचा मोठा ट्रॅक्टर आहे. आमच्याकडे शेताचं वर्ष पाडव्याला बदलतं. सालगडी पाडव्याला बदलतो, बटईचा शब्दही पाडव्यालाच देतात, आणि एकदा दिला की वर्षभर कुणी तो मोडत नाही.

चुलतभाऊ त्या दिवशी ओसरीवर चहा पीत बसला होता. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

तो म्हणाला, “वहिनी, तुम्ही कशाला उन्हातान्हात मरायलाव? घरी बसा. धान्य घरपोच यील.”

वहिनी दाराच्या आत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “घरी बसून काय करू?”

“आराम करा.”

“आराम मला येत न्हाई, दाजी. रान माझ्याकडं ऱ्हाऊ द्या.” चुलतभावाला त्या दाजी म्हणतात.

अण्णा म्हणाले, “कशानं करशील? दर खेपेला कुणाच्या तरी दारात जाऊन उभं ऱ्हायचं. मला ते बघवत न्हाई.”

“ह्यांचा ट्रॅक्टर हाय की.”

“त्याच्यात कोंबड्या हायत.”

“कोंबड्या काढता येत्यात. चालू झाला तर बाग बी करीन, खालचं रान बी करीन.”

“आन् चालवणार कोण?”

“मी.”

भावानं वहिनींना पेरूच्या ओळींत, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बेतानं ट्रॅक्टर शिकवला होता, हे मला ठाऊक होतं. अण्णांना नव्हतं. अण्णांनी चुलतभावाकडं पाहिलं, चुलतभावानं कपात पाहिलं, आणि नेमक्या अशा शांततेत माझी जीभ सुटते. मी ते ट्रॅक्टर चालू करून देण्याचं वाक्य बोललो.

अण्णा म्हणाले, “तू?”

त्या एका अक्षरात पंखा, शिलाई मशीन सगळं आलं होतं.

पण शेवटी तसंच ठरलं. पाडव्यापर्यंत ट्रॅक्टर चालू झाला तर रान वहिनींकडं राहील, नाही झाला तर बटईनं जाईल. सगळे उठल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “भाऊजी, बोललाव तर खरं. तुमच्यानं व्हत नसंल तर आत्ताच सांगा. मी दुसरं काय तरी बघते.”

“होतंय की,” मी म्हणालो. दुसरं काय बघणार होत्या ते मी विचारायला हवं होतं.

ट्रॅक्टर बाहेर ओढायला चुलतभावाचाच मोठा ट्रॅक्टर लागला. त्यानं आढेवेढे न घेता साखळी लावली. पऱ्हाट्या मी उपसत होतो आणि त्यांच्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माश्यांच्या मात्र मी लगेच ध्यानात आलो. मी पळत जनावरांच्या हौदात उतरलो. माणसं हसली, वहिनीही हसल्या. त्यांना दीड वर्षात पहिल्यांदा हसताना पाहिलं, तेव्हा माश्या चावल्याचं फारसं काही वाटलं नाही. मान मात्र दोन दिवस वळत नव्हती.

बाहेर आलेला ट्रॅक्टर बघवत नव्हता. टायर चिरलेले, सायलेन्सरच्या नळीत पाखराचं घरटं, सीटचा फोम उंदरांनी खाल्लेला. सीटवर भावानं टोचू नये म्हणून पोत्याची घडी बांधली होती, ती तशीच होती. मी ती अलगद सोडली आणि वहिनींपुढं धरली. मला वाटलं, ठेवून घेतील.

“टाका तिकडं,” त्या म्हणाल्या. “मुंग्या झाल्यात तिला.”

मिस्त्री रेणापूरहून आणला. बोलण्यात वस्ताद माणूस. आल्या आल्या ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाला, “सायब, ये मशीन नै, मय्यत है. पर आपुन मय्यत उठवतो.” इंजिन जाम झालं होतं. त्यानं वरून तेल सोडलं आणि मुरू द्या म्हणाला. मग आठवडाभर फोन उचलला नाही. दर शनिवारी मी नांदेडहून बसनं यायचो, ट्रॅक्टरपाशी बसायचो आणि रविवारी परत जायचो. मधल्या दिवसांत वहिनींचा फोन यायचा. “मिस्त्री आला न्हाई, भाऊजी.” एवढंच. आवाज चढलेला नसायचा, त्यामुळं जास्त घोर लागायचा. लातूरहून मी क्लच प्लेट आणली ती दुसऱ्याच ट्रॅक्टरची निघाली. ती बदलायला नेली, तर दुकानदारानं हसत हसत तीच पुन्हा दिली आणि मी तीच पुन्हा घेऊन आलो. मिस्त्री म्हणाला, “सायब, तुम्ही पुस्तकं बी अशीच देताव का लोकांना?”

त्यानंही कमी घोळ घातले नाहीत. एक नट उलटा फिरवून तोडला आणि दोष लोखंडाला दिला. पण होळी झाली आणि एका संध्याकाळी त्यानं इंजिन उघडून साफ करून परत बसवलं, टाकी धुतली, नवं डिझेल घातलं, पाईपमधली हवा काढली आणि सेल्फ मारला. ट्रॅक्टर खोकला. सायलेन्सरमधून उरलेलं घरटं उडालं. आणि तो चालू झाला. वहिनींनी स्वयंपाकघरातून आवाज ऐकला आणि कणकेच्या हातानं बाहेर आल्या. तिथंच उभ्या राहिल्या. मिस्त्री निलंग्याला नात्यातल्या लग्नाला निघाला होता. जाता जाता म्हणाला, “आता चालवा बिनधास्त. सायब, तुम्ही फक्त हात लावू नका.”

पाडवा आठवड्यावर आला होता. एवढं ऐकून मी त्याच रात्री नांदेडची बस धरली असती, तर हे लिहायला घ्यावं लागलं नसतं.

पण मला वाटलं, एवढं काम झालंय ते अण्णांच्या आणि चुलतभावाच्या देखत व्हायला हवं. पूजा करू. नवं यंत्र असो की बंद पडून उठलेलं, नारळाशिवाय ते आमच्याकडे रानात जात नाही. वहिनी म्हणाल्या, “पूजा पाडव्याला करू की, भाऊजी. आज नुसतं बागेत एक फेरी मारते.” मी म्हणालो, “नाही, नाही. तोंडानं सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.” सकाळी मी जाऊन चुलतभावाला स्वतः बोलावून आणलं. अण्णांना खुर्ची टाकून दिली.

हळदकुंकू वाहिलं. चाकांखाली लिंबं ठेवली. कॅनमध्ये थोडं डिझेल उरलं होतं. म्हटलं, टाकी पूर्ण भरून टाकू. या ट्रॅक्टरच्या टाकीचं तोंड बॉनेटच्या वरच असतं. मी झाकण काढून सीटवर ठेवलं, डिझेल ओतलं, आणि तेवढ्यात वहिनींनी हातात नारळ दिला.

नारळ पुढच्या लोखंडी हुकावर फोडायचा आणि पाणी चाकांवर सोडायचं, रीत एवढीच. गावातलं शेंबडं पोरही हे करतं. पण समोर माणसं होती. मी नारळ फोडला, दोन्ही वाट्या उंच धरल्या आणि देवाला घालावी तशी धार बॉनेटवर, पुढून मागं, सावकाश सोडत नेली. नारळही असा भरलेला की धार संपेना. चुलतभाऊ हात जोडून म्हणाला, “लई पाणी निघालं. शुभ हाय.” मग मी सीटवरचं झाकण उचललं, पुसलं आणि टाकीला घट्ट बसवलं.

वहिनी सीटवर चढल्या. पदर खोचला. अण्णांकडं एकदा पाहिलं, अण्णांनी मान डोलावली. सेल्फ मारताच ट्रॅक्टर चालू झाला. त्यांनी तो गोठ्यापासून वळवून फाटकापर्यंत असा नेला की चुलतभाऊसुद्धा म्हणाला, “आरं! ह्यांना तर येतंय की.”

फाटकात तो धडधडला, पांढरा धूर सोडला आणि बंद पडला.

पुन्हा सेल्फ. पुन्हा. मी म्हणालो, “मारत राहा, मारत राहा, गरम झाला की घेईल.” कुठून सुचलं कोण जाणे. बॅटरी उतरेपर्यंत आम्ही सेल्फ मारला. चुलतभाऊ थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, “व्हईल, व्हईल. जुनं यंत्र हाय,” आणि उठून गेला. अण्णा खुर्ची स्वतः उचलून आत घेऊन गेले.

वहिनी खाली उतरल्या नाहीत. स्टिअरिंगवर हात तसेच ठेवून त्यांनी विचारलं, “भाऊजी, टाकीचं झाकण तुम्ही कवा लावलं?”

“नारळ फोडल्यावर.”

“आन् काढलं कवा?”

मी टाकीकडं पाहिलं. झाकण मी नारळाच्या आधीच काढलं होतं. त्यांनी झाकण फिरवून काढलं आणि आत वाकून वास घेतला. मग पुन्हा लावून खाली उतरल्या आणि घरात गेल्या. ओरडल्या असत्या तर मी काहीतरी बोललो तरी असतो.

मिस्त्री लग्नाहून परत यायला चार दिवस गेले, मी रजा काढून थांबलो. तोवर ते पाणी आत मुरत राहिलं. आल्यावर त्यानं खालून पाईप सोडला आणि बोट ओलं करून जिभेला लावलं.

“गोड हाय,” तो म्हणाला. “सायब, देवाला प्रसाद चढवतेत. तुम्ही डायरेक्ट पाजला.”

मग मात्र त्याचं हसू गेलं. डिझेलचा पंप आणि नोझल, दोन्ही अडकले होते. पंपाचं काम त्याच्याच्यानं होणारं नव्हतं. ते करणारं दुकान नांदेडला होतं. मी पंप गोणपाटात गुंडाळून पिशवीत घातला आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. अहमदपूर येईपर्यंत त्यातलं डिझेल माझ्या पँटमधून शेजारच्या म्हाताऱ्याच्या धोतरात झिरपलं होतं. म्हाताऱ्यानं वास घेतला आणि विचारलं, “काय न्यायलाव?” मी म्हणालो, “पंप.” “तर मग फुटक्या बाटलीसारखा गळू काय देताव, जरा सरळ धरा की,” तो म्हणाला आणि पुढं अख्ख्या बसला ऐकू जाईल असं बोलत राहिला. मला ते बरंच वाटलं. निदान कुणीतरी बोलत होतं.

नांदेडच्या दुकानात पंप उघडला. आतला एक बारीक भाग खराब झाला होता आणि तो बाहेरून मागवावा लागणार होता. सण तोंडावर होता. मी रोज कॉलेज सुटल्यावर तिथं जाऊन उभा राहायचो. दुकानदार मला लांबूनच बघून नकाराची मान हलवायचा. पाडव्याच्या आदल्या दिवशी म्हणाला, “सण झाल्यावर या.” मी त्याला सगळं सांगितलं, वहिनी, अण्णा, बटई, सगळं. त्यानं ते नीट ऐकून घेतलं. “माझ्याकडं भाग असता तर तुम्ही सांगायच्या आधी बसवला असता,” तो म्हणाला.

दुपारच्या बसनं रिकाम्या हातानं गावी आलो. वहिनी अंगणात सारवत होत्या. माझ्या हातात पिशवी नाही हे त्यांनी पाहिलं आणि परत खाली वाकल्या.

पाडव्याला सकाळी गुढी उभी राहिली. चुलतभाऊ टोपी घालून, नवं धोतर नेसून आला. अण्णांच्या समोर बसला. मी मध्येच बोललो, “अण्णा, घोळ मी घातलाय. ट्रॅक्टर चालू झाला होता, तुम्ही बघितलंय. त्याची शिक्षा वहिनींना कशाला?”

“शिक्षा कोण देतंय?” अण्णा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता. “यंत्र बिघडलं की ही काय करणार, एवढंच मी इचारतोय. आज बिघडलंय. पेरणीत बिघडलं असतं तर? कुणाच्या दारात गेली असती?”

चुलतभावानं मान खाली घातली.

वहिनी बाहेर आल्या. या खेपेला दाराच्या आत थांबल्या नाहीत, ओसरीच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

“खालचं रान द्या दाजींना,” त्या म्हणाल्या. “बाग मी देणार न्हाई.”

अण्णा म्हणाले, “बागेत गवत किती हाय?”

“खुरप्यानं काढीन.”

“येवढं?”

“जेवढं निघंल तेवढं. बाग माझी हाय, अण्णा. तिथली झाडं आम्ही दोघांनी मिळून लावली. सगळंच दिलं तर मी ह्या घरात काय म्हणून ऱ्हाऊ?”

अण्णांनी चुलतभावाकडं बघितलं. चुलतभावाला बागेत मुळात रस नव्हता, त्याचा डोळा खालच्या काळ्या रानावर होता. तो लगेच म्हणाला, “माझं काय म्हणणं न्हाई. बाग ऱ्हाऊ द्या त्यांची.” शब्द झाला. वहिनींनी आत जाऊन चहा टाकला. सगळ्यांना दिला, मलाही दिला, आणि साखर माझ्या सवयीप्रमाणे कमी घातली होती.

घरातली वर्षाची ज्वारी आणि तूर त्या खालच्या रानातून यायची. यंदा ती चुलतभावाच्या खळ्यावरून अर्धी होऊन येईल.

पंप आला तो सणानंतर बऱ्याच दिवसांनी. मिस्त्रीनं बसवला. या वेळी पूजा नव्हती, बोलावणं नव्हतं. टाकीच्या झाकणाला वहिनींनी मिस्त्रीकडून कडी लावून घेतली आणि तिला कुलूप घातलं. किल्ली त्यांच्या गळ्यातल्या दोऱ्यात असते. मिस्त्री मला म्हणाला, “सायब, तुम्ही तिकडं बांधावर उभं ऱ्हावा. आणखी मागं. हां, तिथं.” मी त्यानं सांगितलं तिथं उभा राहिलो.

ट्रॅक्टर पहिल्याच सेल्फला चालू झाला. वहिनी मागं रोटाव्हेटर लावून पहिल्या ओळीत शिरल्या. गवत कापलं जाऊन खाली ओली माती दिसू लागली. रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. भाऊ असताना लपून चालवायच्या, त्या आता सगळ्यांसमोर चालवत होत्या. मला फार बरं वाटायला हवं होतं.

बागेची ओळ संपते तिथून खालचं रान सुरू होतं. तिथं चुलतभावाचा मोठा ट्रॅक्टर नांगरत होता. त्याच्या आवाजात आमच्या छोट्याचा आवाज बुडून जायचा आणि वळून आल्यावर परत ऐकू यायचा. ओळीच्या टोकाला पोचल्यावर वहिनी दर खेपेला क्षणभर थांबायच्या, पलीकडं बघायच्या आणि मग स्टिअरिंग वळवायच्या.

चौथ्या की पाचव्या फेरीला त्या माझ्याजवळून निघाल्या तेव्हा मी बोलायला गेलो. पुढच्या पाडव्याला रान परत घेऊ, अण्णांशी मी बोलतो, असं काहीतरी तोंडात तयार होतं. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला नाही, नुसता हळू केला.

“भाऊजी,” त्या आवाजाच्या वरताण ओरडल्या, “ती फांदी वर धरा जरा. डोळ्यात येती माझ्या.”

मी फांदी वर धरली. त्या वाकून खालून गेल्या. परत याच ओळीनं येणार आहेत की पुढच्या, हे विचारायचं राहून गेलं, म्हणून मी ती तशीच धरून उभा राहिलो.